शतघ्नीचं चित्र

ताई,

तेरा दिवस लोक येत होते आणि प्रत्येक जण मला सांगत होता की तू फार शांत होतीस. मी मान हलवत होतो. तुझी भावजय सुनंदा चहा देत होती. एका बाईंनी तर डोळे पुसत म्हटलं, "कधी कोणाला दुखवलं नाही हो नलिनीताईंनी." तेव्हा मी उठून आत गेलो आणि स्वयंपाकघरात उभा राहून भांडंभर पाणी प्यालो. बाहेरच थांबलो असतो तर तोंडातून काहीतरी निघून गेलं असतं.

तू शांत नव्हतीस. माझी सख्खी थोरली बहीण, संस्कृतची प्राध्यापिका, आणि शब्द चुकला की भाजीवाल्यालाही न सोडणारी बाई. बिट्टन मार्केटच्या हाटात तू एका माणसाशी भांडली होतीस, आठवतं? तो गिलकी, म्हणजे आपली घोसाळी, तोरई म्हणून, म्हणजे दोडकी म्हणून विकत होता. तू म्हणालीस, "भैया, ये तोरई नहीं है, गिलकी है." तो म्हणाला, "माताजी, एक ही बात है." तू पिशवी खाली ठेवलीस. "एक ही बात है तो दो नाम क्यों हैं?" मागे गिऱ्हाइकं खोळंबली होती. मी दोन्ही हातांत पिशव्या धरून उभा होतो आणि तो बिचारा माझ्याकडे बघत होता, की यांना न्या. मी काय नेणार? मला तरी कुठे नेता येत होतं तुला!

माझं डोकं तू त्याच्याही आधीपासून खात होतीस. मी तेव्हा कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून लागून थोडीच वर्षं झाली होती. बाबा नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर इकडे हिंदी मुलखात आले, आपण टी. टी. नगरच्या क्वार्टरमध्ये वाढलो, आणि मी नोकरीला लागून कारखान्याच्या वसाहतीत राहायला गेलो होतो. एका रविवारी सकाळी तू दारात. चप्पल काढायच्या आधी विचारलंस, "चंदू, तुला भाला काढता येतो?"

"भाला काय, कोणालाही येतो."

"मग तोमर काढ."

वर्गात एका मुलीने विचारलं होतं, मॅडम, तोमर म्हणजे काय. तू सांगून टाकलंस, भाला. आणि घरी येऊन तीन कोश उघडलेस तर तीन उत्तरं. मग तुझ्या लक्षात आलं की वर्षानुवर्षं तू मुलींना भाला, भाला, भाला असंच सांगत आली आहेस. शूल भाला, शक्ती भाला, प्रास भाला, कुंत भाला. "माणसांनी वेगवेगळी नावं ठेवली म्हणजे हातात वेगवेगळं काहीतरी असणार ना?" तू मला विचारत होतीस, जसं काही मीच ते एक करून टाकलं होतं.

मी तीन चित्रं काढली. एक लोखंडी पात्याचा भाला, एक फेकायची बारीक बरची, आणि एक टोकाला जड लोखंड असलेला सोटा. तू तिन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवून कितीतरी वेळ बघत बसलीस.

"यातला खरा कुठला?" मी विचारलं.

"माहीत नाही."

"मग तीन कशाला काढायला लावलेस?"

"माहीत नाही हे दिसायला पाहिजे म्हणून."

तिथून सुरू झालं ते चाळीस वर्षं. जुन्या काळच्या शस्त्रांचा, चिलखतांचा आणि सैन्याच्या शब्दांचा सचित्र मराठी कोश. शब्द तुझे, चित्रं माझी. आधी तुझ्या क्वार्टरमध्ये, नंतर अरेरा कॉलोनीतल्या तुझ्या त्या दोन खोल्यांत. रविवार म्हटला की सुनंदा डबा भरून ठेवायची. तिने कधी विचारलं नाही, तुम्हाला दुसरं काही काम नाही का. विचारायला हवं होतं.

बाणांचं घे. मला वाटायचं बाण म्हणजे बाण. तू म्हणालीस, टोकावरून नाव पडतं. नुसता लोखंडाचा तो नाराच. वस्तऱ्यासारख्या पात्याचा तो क्षुरप्र. आणि वत्सदंत, म्हणजे वासराच्या दातासारखं टोक. मी एक चित्र काढून आणलं. तू विचारलंस, "वासराचे दात पाहिलेस का?" नव्हते पाहिले. टी. टी. नगरच्या मागे एक डेअरी होती, तिथे गेलो. मालक म्हणाला, "क्या देखना है बाबूजी?" मी म्हटलं, "दाँत." त्याला वाटलं जनावर घ्यायला आलोय. त्याने वासराचा जबडा उघडून दाखवला, वय सांगितलं, आईचं दूध किती ते सांगितलं. मी वहीत काढून घेतलं, त्याला काही न घेता नमस्कार केला आणि शिव्या खाऊन निघालो. तुला चित्र दाखवलं. चांगलं झालं होतं, मला माहीत आहे. तू चष्मा वर केलास आणि विचारलंस, "किती महिन्यांचं वासरू?"

त्या दिवशी मी वही तिथेच टाकून घरी गेलो होतो. पुढच्या रविवारी परत आलो, हेही खरं.

आणि सांची. सकाळच्या गाडीने जायचो, पोळी आणि बटाट्याची भाजी, थर्मासमध्ये चहा. तोरणावर तो वेढ्याचा देखावा आहे, नगराच्या तटावर चढलेली माणसं, हत्ती, धनुष्यं, पाठीवरचे भाते. तू एकेक माणसाकडे बोट दाखवायचीस आणि मी काढायचो. मान दुखून यायची. एका शिपायाची ढाल मला फार आवडली होती. मी ती समोरून काढली, आणि शेजारी ती मागून कशी दिसत असेल तेही काढलं. मूठ, दोन पट्टे, मधे कातड्याची गादी.

"हे दगडात दिसतं का?" तू विचारलंस.

"नाही. पण धरायला मूठ असणारच ना."

"कशी होती ते दिसतं का?"

"नाही."

"मग पूस."

मला किती राग यायचा, तुला कल्पना नव्हती. आमच्या कारखान्यात अपुरं ड्रॉइंग खाली मशीन शॉपमध्ये गेलं तर मेमो, म्हणजे लेखी ठपका मिळायचा. एक माप राहिलं तर मशीन थांबतं. मी आयुष्यभर तेच शिकलो की कागदावर सगळं पाहिजे, समोरून, बाजूने, वरून, आतून. आणि रविवारी तू म्हणायचीस, पूस. मी तुला सांगितलंही होतं, "ताई, अर्धवट चित्राला आम्ही चित्र म्हणत नाही." तू म्हणालीस, "आणि मनचं घातलेल्याला आम्ही ज्ञान म्हणत नाही." बोलण्यात तू कधीच हरायची नाहीस.

तरीही एक सांगतो. सोमवार ते शनिवार मी दुसऱ्यांनी ठरवलेल्या नटबोल्टांच्या रेघा मारायचो. हाताला वळण होतं, पण डोळे कुठे वापरायचे हे मला तू शिकवलंस. गोधा म्हणजे घोरपड, आणि गोधा म्हणजे धनुर्धराच्या डाव्या हातावरचं कातडं, दोरीचा फटका बसू नये म्हणून बांधायचं. हे ऐकल्यावर मी दुसऱ्या दिवशी कारखान्यात वेल्डरच्या हातावरचं कातडं पाहिलं आणि उगाच त्याच्याशी अर्धा तास बोलत बसलो. ते तुझ्यामुळे. हे मी तुला कधी बोललो नाही. तूही कधी माझं एखादं चित्र चांगलं झालं असं बोलली नाहीस. तुझ्याकडे दोनच शेरे होते. 'चालेल' आणि 'पूस'.

आता त्या संध्याकाळचं.

शतघ्नी. नावाचा अर्थ शंभरांना मारणारी. ती किल्ल्याच्या तटावर असायची, इतपत तू मान्य करायचीस. कुठे तो खिळे ठोकलेला अजस्र खांब आहे, तटावरून खाली लोटायचा. कुठे ते चाकांवरचं यंत्र आहे. आणि अलीकडच्या लोकांनी तिची सरळ तोफ करून टाकली. तोफेचा विषय निघाला की तुझा आवाज चढायचा. "दारूचा पत्ता नाही आणि तोफ उडवतात!" या एका शब्दाच्या नोंदीची चिठ्ठी तू कितीदा लिहिलीस आणि फाडलीस, मी मोजलं नाही. चित्र मात्र तू मला काढू दिलं नाहीस. एकदाही नाही.

आपल्या मराठी मंडळाचे सचिव देवपुजारी तुझ्याकडे आले, त्याला आता पाच वर्षं होऊन गेली. त्यांना तुझ्या कोशातल्या निवडक शब्दांचं पुस्तक काढायचं होतं. तू आधी नाहीच म्हणालीस. मग म्हणालीस, ज्यांची मला खात्री आहे तेवढेच शब्द देईन. शतघ्नी त्यात नव्हती. तोमरही नव्हता. मी तुझ्यासमोर बसून यादी केली होती, मला माहीत आहे. मुखपृष्ठाचं काम माझ्याकडे आलं, आणि तू विचारलंही नाहीस की मी काय काढतोय. आयुष्यात पहिल्यांदा विचारलं नाहीस.

प्रकाशन टी. टी. नगरच्या सभागृहात. सगळं मंडळ आलं होतं, सुनंदा नवी साडी नेसली होती. पाहुण्यांनी फडकं बाजूला केलं आणि पुस्तक वर धरलं. मुखपृष्ठावर तटावर उभी असलेली भलीमोठी तोफ, पितळी तोंडाची, चाकांवर, आणि खाली बारीक अक्षरांत 'शतघ्नी'. टाळ्या पडल्या. पाहुणे खुलले. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्याकडे तोफा होत्या, जग तेव्हा झोपलेलं होतं, असं काहीबाही बोलले. पुन्हा टाळ्या. मी तुझ्याकडे बघत होतो. तू पुस्तक मांडीवर घेऊन बसली होतीस. चष्मा काढून पुसलास, पुन्हा लावलास.

मग तुझी पाळी आली. लोकांना वाटलं आभार मानशील.

"या पुस्तकातले शब्द मी तपासलेले आहेत," तू म्हणालीस. "मुखपृष्ठ तपासलेलं नाही. ते चित्र माझ्या भावाच्या हातचं आहे. सुंदर आहे. आणि खोटं आहे. अशी तोफ तेव्हा होती याला एकही आधार नाही. पाहुण्यांनी आत्ता जे सांगितलं, ते कृपा करून विसरावं."

आणि बसलीस.

सभागृहात कोणीतरी खोकलं. मागे कोणीतरी हसलं. सुनंदाने माझा हात धरला होता आणि मी स्वतःच्या बुटांकडे बघत होतो. नंतर समोसे आले, चहा आला, आणि लोक माझ्याकडे येऊन हळूच म्हणायला लागले, "जाऊ द्या, चित्र मात्र सुंदर आहे हो." तेव्हा माझ्या ध्यानात आलं. तूही तोच शब्द वापरला होतास. इतक्या वर्षांत तू माझ्या चित्राला सुंदर म्हणालीस ती एकदाच, दोनअडीचशे लोकांसमोर, आणि पुढचा शब्द खोटं.

तुला घरी सांगता आलं असतं. मला बाजूला घेऊन थोबाडीत दिली असतीस तरी मी घेतली असती. बायकोसमोर, कारखान्यातल्या लोकांसमोर, बाबांना ओळखणाऱ्या म्हाताऱ्यांसमोर तुला ते का बोलावं लागलं? तू बरोबर होतीस, हे मला मान्य आहे. बरोबर असलं की काहीही करायची मुभा असते का, हे मला तुझ्याशी भांडायचं होतं. ते भांडण राहिलं.

अकरा महिने आपण बोललो नाही. मी फोन केला नाही, तूही नाही. भाऊबीजेला सुनंदा म्हणाली, "चला, मी येते बरोबर." मी टीव्हीसमोर बसून राहिलो. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी दर थोड्या वेळाने खिडकीतून बाहेर बघत होतो, हे तिनेच मला नंतर सांगितलं. मला वाटत होतं तू येशील. तुला बहुतेक वाटत असेल मी येईन.

शेवटी फोन आला तो सुनंदाला. मी शेजारीच पेपर वाचत होतो. तिने फोन ठेवला आणि म्हणाली, "ताईंनी बोलावलंय. गोधाचं चित्र परत काढायचंय म्हणे."

"आणखी काय म्हणाली?"

सुनंदाने सांगून टाकलं. "म्हणाल्या, त्याचा दोष नाही. देवपुजारींनी त्याला भरीला घातलं. तो साधा आहे, त्याला त्यातलं काय कळणार."

मी बूट घातले आणि निघालो.

तू दार उघडलंस, चहा टाकलास, आणि चिठ्ठी समोर ठेवलीस. "हा पट्टा कोपरापर्यंत जातो, तू मनगटावरच थांबवलास." बस. त्या संध्याकाळबद्दल एक शब्द नाही. मी पण नाही काढला. पुढच्या भाऊबीजेला तू ओवाळलंस आणि वर चिरोट्यांचा डबा दिलास. मला वाटलं, झालं ते झालं.

पण देवपुजारींना तू सोडलं नाहीस. एकदा आपण बिट्टन मार्केटमध्ये होतो, ते समोरून आले, त्यांनी हात जोडले. तू तोंड फिरवलंस आणि पुढच्या दुकानाकडे चालायला लागलीस. ते हात जोडलेले तसेच माझ्याकडे बघत राहिले. मी वांगी निवडायला लागलो. एकही वांगं धड नव्हतं, तरी निवडत राहिलो.

मग तुझं पोट. तू महिनोन् महिने कोणाला सांगितलं नाहीस, त्याबद्दल मी तुझ्याशी वेगळं भांडणार होतो. तपासण्या झाल्या. तो तरुण डॉक्टर फार अदबीने म्हणाला, "माताजी, पेट में एक गाँठ है." तू म्हणालीस, "गुल्म." तो म्हणाला, "जी?" तू माझ्याकडे वळलीस, आणि तुझा चेहरा उजळला होता, ताई, मी देवाशपथ सांगतो. "नऊ हत्ती, नऊ रथ, सत्तावीस घोडे, पंचेचाळीस पायदळ. एवढ्या तुकडीला गुल्म म्हणतात. झुडपालाही म्हणतात आणि पोटातल्या गाठीलाही. चंदू, तिघांना एकच शब्द का, हे मी कधी पाहिलंच नाही!"

बाहेर आल्यावर ऑटोत मी तुझ्यावर ओरडलो. "तुला गाठ सांगितली आणि तू हत्ती मोजतेस?"

"मग काय मोजू?" तू म्हणालीस.

ऑटोवाल्याने आरशातून आपल्याकडे पाहिलं. थोड्या वेळाने तू माझ्या गुडघ्यावर हात ठेवलास आणि तो घर येईपर्यंत तिथेच ठेवलास.

शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात मी रोज तुझ्याजवळ बसत होतो. तू डोळे मिटून शब्द सांगायचीस, मी लिहायचो. त्या दिवशी दुपारी पट्टिश चालला होता. काही जण म्हणतात परशूसारखा, काही म्हणतात दोन्ही बाजूंनी धार असलेला, आणि तिसरा अर्थ सांगता सांगता तुला दम लागला. मी पाणी दिलं. मला वाटलं, आत्ता बोललो नाही तर राहील.

"ताई, मला त्या मुखपृष्ठाचं काहीतरी सांगायचंय."

तू डोळे उघडलेस. "ते पाप देवपुजारीचं. तू कशाला उगाळतोस?"

"तसं नाही. ऐक तरी."

"चंदू, तू साधा आहेस. लोक तुझा फायदा घेतात. आधी हे लिही, तिसरा अर्थ विसरेन मी."

मी लिहिलं. तू सांगितलंस तसं, काना-मात्रेसकट. मग नर्स आली, तुला झोप लागली, मी वही मिटली. दुसऱ्या दिवशी तुझी शुद्ध गेली. त्यानंतर तू मला काही सांगितलं नाहीस आणि मला काही सांगता आलं नाही. एक वाक्य होतं फक्त. पट्टिशाच्या तिसऱ्या अर्थाने ते खाल्लं.

तेरावा झाला आणि दुसऱ्याच सकाळी देवपुजारींचा फोन. रविवारी शोकसभा ठेवली आहे, तुम्ही दोन शब्द बोला. आणि ताईंची आठवण म्हणून मंडळ पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढणार आहे.

"मुखपृष्ठ तेच ठेवू," ते म्हणाले. "लोकांच्या लक्षात आहे ते."

"ते नको."

"का हो? आता कोणाला वाईट वाटणार आहे?"

"नको म्हटलं ना."

ते म्हणाले, "चंद्रकांतराव, इतकी वर्षं विचारलं नाही, आज विचारतो. मी तुमच्याकडे मुखपृष्ठावर काहीतरी दणदणीत मागितलं होतं. तोफ मागितली नव्हती. मला तर शतघ्नी हा शब्दही तुमच्या चित्राखाली पहिल्यांदा वाचायला मिळाला."

"हो," मी म्हणालो.

"ताई पाच वर्षं माझ्याशी बोलल्या नाहीत."

"हो."

"त्यांना वाटायचं मीच तुम्हाला काढायला लावलं."

"माहीत आहे मला." "तुम्ही त्यांना खरं का नाही सांगितलंत?"

"तुमची भाऊबीज एकदा चुकली होती, सगळ्या मंडळाला माहीत होतं. ती परत सुरू झाली. पुन्हा मोडायला मी कशाला कारण होऊ?"

बघ ताई. हा तो माणूस, ज्याला पाहून तू रस्ता बदलायचीस.

रविवारी मी सभेत उभा राहिलो. सभागृह तेच. माझ्या आधी चार जण तू किती शांत होतीस ते सांगून गेले होते. मी म्हणालो, "पाच वर्षांपूर्वी माझी बहीण इथे उभी राहून म्हणाली होती की मुखपृष्ठावरचं चित्र खोटं आहे. ते खोटंच होतं. ते देवपुजारींनी मागितलं नव्हतं, मंडळाने मागितलं नव्हतं. ते मी माझ्या मनाने काढलं. ताई जाईपर्यंत देवपुजारींना दोष देत राहिली आणि मी ते ऐकून घेतलं. मी त्यांची माफी मागतो." देवपुजारी मान खाली घालून बसले होते. मी खाली बसलो.

तुला वाटेल काहीतरी झालं असेल. काही झालं नाही. लोकांनी माझ्याकडे फार मायेने पाहिलं. एक वृद्ध गृहस्थ जवळ येऊन पाठीवर हात फिरवून म्हणाले, "होतं हो असं दुःखात. मनाला लावून घेऊ नका." सुनंदा घराचं कुलूप काढताना म्हणाली, "तेव्हाच सांगायचं होतं." बस, तेवढीच एक मला बोलली. बाकी सगळ्यांनी समजून घेतलं. मला समजून घेतलेलं नको होतं, ताई. कोणीतरी चष्मा वर करून मला विचारायला हवं होतं, का काढलंस?

दुसरी आवृत्ती निघेल. मुखपृष्ठावर नुसती अक्षरं असतील, देवपुजारी लगेच तयार झाले. तुला खात्री नसलेल्या शब्दांची खोकी मी माझ्याकडे आणून ठेवली आहेत. त्यांचं पुढे काय करायचं मला माहीत नाही, आणि कोणी सल्ला द्यायला आलं की मी खेकसतो.

का काढलं ते सांगतो. तीन आठवडे लागले त्याला. तुला कळू नये म्हणून मी दुपारी सुनंदाच्या शिलाई मशीनवर कागद ठेवून काढत होतो. चाकाचे आरे काढले, आस काढला, मागची पाचर काढली, पितळी तोंडावर मगरीचा जबडा काढला, आतून किती जाड असेल तेही काढलं. समोरून, बाजूने, वरून. कोणी म्हणालं नाही, हे दगडात दिसतं का. कोणी म्हणालं नाही, पूस. ताई, इतका आनंद मला हातात पेन्सिल धरून कधी झाला नव्हता. ते माझं सगळ्यात चांगलं चित्र आहे. आजही मी ते कपाटातून काढतो आणि बघतो, आणि मला ते आवडतं.

आणि मला सगळं माहीत होतं. मला कोणी भरीला घातलं नव्हतं. चाळीस वर्षं तुझ्यासमोर बसलेल्या माणसाला शतघ्नी आणि तोफ यातलं काय कळणार, असं तू म्हणालीसच कशी? पहिली रेघ मारली तेव्हाच मला कळत होतं. खाली नाव लिहिताना माझा हात थांबला होता, तरी मी लिहिलं.

तू माफ केलंस ते त्या साध्या चंदूला. तो कोण, मला माहीत नाही. खरं कळलं असतं तर तू भांडली असतीस, पुन्हा अकरा महिने दार उघडलं नसतंस, कदाचित शेवटपर्यंत उघडलं नसतंस. चाललं असतं. ज्याच्याशी तू बोलत नव्हतीस, तो निदान मी असतो.